परखड की फटकळ? रेडिओवरच्या तिखट जिभेविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारले होते: रेडिओवर, पॉडकास्टवर किंवा मोबाइलवरच्या थेट गप्पांत तोंड सोडून बोलणारे निवेदक तुम्हाला भावतात की खुपतात? पेडण्यापासून केप्यापर्यंतची पत्रे आली. मते आलीच, पण त्याहून जास्त प्रश्न आले, आणि बरेचसे अगदी कामाचे. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमची उत्तरे.

साखळीहून एक वाचक: आमच्या घरी सकाळी मोबाइलवर एक गप्पांचा कार्यक्रम लागतो. सासरे म्हणतात, "हा एकटाच खरे बोलतो." मला वाटते, तो फोन करणाऱ्यांना वेड्यात काढतो. आमच्यात बरोबर कोण, हे ठरवायचे कसे?

तुम्ही दोघे दोन वेगळ्या गोष्टी ऐकता आहात. सासऱ्यांचे लक्ष तो काय बोलतो याकडे आहे. तुमचे, तो समोरच्याला किती बोलू देतो याकडे. नुसत्या मतांवर हा वाद जन्मभर चालेल. त्यापेक्षा एक तास मोजून बघा.

वहीचे पान आडवे धरून पाच रकाने आखा: वेळ, कोण बोलते आहे, किती सेकंद, मध्ये तोडले का, आणि तपासता येईल असे विधान. निवेदकासाठी "नि", फोन करणाऱ्यासाठी "फो" एवढेच लिहा, म्हणजे हात मागे पडणार नाही. मोबाइलच्या स्टॉपवॉचमध्ये "लॅप"चे बटण असते. बोलणारा बदलला की ते दाबायचे. गाणी, जाहिराती, हवामान सोडून द्या, फक्त फोन मोजा. एकाने घड्याळ सांभाळायचे, दुसऱ्याने वही. घड्याळ सासऱ्यांच्या हाती द्या. आकडा त्यांच्याच हातून निघाला की त्यावर वाद होत नाही.

चूक होते ती "तोडले का" या रकान्यात. प्रत्येक तोडणे वाईट नसते. "काका, मुद्द्यावर या," हे फोन रुळावर आणण्यासाठी असते. "कुठल्या वर्षी? कुठल्या वाड्यावर?" हा खुलासा असतो. ही दोन्ही निवेदकाची कामेच आहेत, ती वेगळ्या खुणेने मांडा. तिसरे तोडणे गप्प करणारे. ते ओळखायची खूण सोपी आहे: तोडल्यानंतर फोन करणाऱ्याचे अर्धे राहिलेले वाक्य पुढे कधी पुरे झाले का? झाले नसेल तर फुली.

एकाच दिवसावरून निकाल काढू नका. नळाला पाणी नव्हते त्या दिवशी सगळेच चिडलेले असतात. तीन दिवस घ्या, आणि त्यांतला एक विषय असा घ्या की ज्यात तुम्हाला स्वतःला निवेदकाचे पटते. आपल्याला पटणारा माणूस दुसऱ्याला तोडतो तेव्हा ते आपल्या कानाला टोचतच नाही.

मग बेरीज करा. तीन मिनिटांच्या फोनमध्ये फोन करणाऱ्याच्या वाट्याला चाळीस सेकंद येत असतील, तर तो फोन-इन कार्यक्रम उरलेला नाही, भाषण झाले आहे. आमच्या मते निम्मा वेळ तरी त्याचा हवा. पाचव्या रकान्यातली दोन विधाने निवडून पडताळा. "पंचायतीने ठराव घेतलाच नाही" असे तो म्हणाला असेल, तर पंचायत कचेरीत ठरावाची नोंदवही असते. विधान चुकीचे निघाले तर दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती केली का, हेही बघा.

आणि शेवटचा हिशेब वहीत मावत नाही, पण आमच्या लेखी तोच सगळ्यात मोठा: तिखट शब्द पडतो कोणावर? मंत्री, अधिकारी, डोंगर कापणारा बिल्डर यांच्यावर पडत असेल तर तो परखड आहे, आणि असा माणूस गोव्याला हवा आहे. धड वाक्य जुळवता न येणाऱ्या, घाबरत फोन लावणाऱ्या माणसावर पडत असेल तर तो नुसता फटकळ. एकाच निवेदकात ही दोन्ही रूपे असू शकतात. म्हणूनच तुमच्या घरात दोन्ही मते आहेत.

म्हापशाहून: एका कार्यक्रमात फोन लावला. मी बोलत होतो तरी माझा आवाज रेडिओवर दबल्यासारखा येत होता, असे घरचे म्हणाले. मग फोन कापला आणि निवेदक माझ्यावरच बोलत राहिला. माझा आवाज मुद्दाम दाबला का?

मुद्दाम असेल किंवा नसेलही, पण यंत्राची मांडणीच निवेदकाच्या बाजूची असते. ती समजली तर पुढच्या वेळी तयारीने फोन लावता येईल.

निवेदक मायक्रोफोनपासून चार बोटांवर बसलेला असतो. इतक्या जवळून आवाजाचा खर्ज वाढतो आणि साधा माणूसही भारदस्त वाटतो. तुमचा आवाज टेलिफोनच्या तारेतून येतो. जुन्या फोनवरून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, तर एफएमवर १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. म्हणजे खर्ज गेला आणि वरची धारही गेली. तुम्ही पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येता आणि तो देवळाच्या गाभाऱ्यातून.

त्यावर आणखी एक सोय असते, तिला "डकिंग" म्हणतात. निवेदकाने तोंड उघडले की फोनचा आवाज आपोआप खाली बसतो. फोनचा आवाज घुमू नये आणि दोघांचा कालवा होऊ नये म्हणून ती असते. पण दहा डेसिबल उतरवले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. त्यामुळे दोघे एकदम बोलले की श्रोत्याला निवेदकच जिंकलेला ऐकू येतो आणि तुम्ही हतबल झालेले. रेकॉर्डिंग असेल तर तुमच्या मागचा पंख्याचा किंवा दुचाकीचा आवाज ऐका. निवेदक बोलू लागताच तोही गायब होत असेल, तर ते डकिंग. निवेदक गप्प असताना तुमचे वाक्य मध्येच तुटले असेल, तर मात्र कोणीतरी बटण दाबले.

थेट कार्यक्रमात काही ठिकाणी काही सेकंदांचा उशीरही ठेवतात. बोललेले आधी यंत्राच्या स्मृतीत साठते आणि थोड्या वेळाने बाहेर जाते. शिवी किंवा बदनामीकारक शब्द आला तर तेवढा तुकडा टाकून देता येतो. म्हणून फोनवर बोलताना स्वतःचा रेडिओ चालू ठेवला तर आपलेच शब्द मागून येऊन आपल्याला अडखळवतात. निम्म्या लोकांची भंबेरी इथेच उडते.

तेव्हा असे करा. रेडिओ बंद करून दुसऱ्या खोलीत जा. घरचे दुसऱ्या संचावर ऐकतील. स्पीकरफोन नको, ब्लूटूथ नको, फोन कानाला लावूनच बोला. मोबाइलची रेंज दोन काड्यांची असेल तर अंगणात या. आधी जो माणूस फोन उचलतो तो नाव, गाव, विषय विचारून यादी करतो. त्याला जे सांगाल तेच पुढे बोला. विषय बदलला की निवेदकाला तोडायला निमित्त मिळते. पहिल्या पंधरा सेकंदांत एक वाक्य आणि एक पक्की गोष्ट: तारीख, रक्कम किंवा जागा. "सगळेच चोर आहेत" याने सुरुवात केली तर पुढचे कोणी ऐकत नाही.

त्याने तोडले तर त्याच्यावर आवाज चढवू नका. डकिंगमुळे तुमचे शब्द नीट बाहेर जातच नाहीत, उलट तुम्ही किंचाळता आहात एवढेच उरते. गप्प राहा. त्याचे वाक्य संपले की संथपणे म्हणा, "माझे वाक्य राहिले आहे, ते पुरे करतो," आणि जिथे तोडले तिथूनच जोडा. हवेत शांतता पसरली की निवेदकालाच ती खटकते, आणि तेवढी फट तुम्हाला पुरते.

फोंड्याहून: आपल्याकडच्या खासगी एफएमवर राजकारणावर असे खडाजंगीचे कार्यक्रम का ऐकू येत नाहीत?

परवानगीच नाही म्हणून. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींची चर्चा करता येत नाही. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे घेण्याची मुभा दिली, आणि वाहतूक, हवामान, खेळ, परीक्षा, वीज-पाण्याच्या सूचना यांना बातम्यांतून वगळले. दूरसंचार नियामक ट्रायने सप्टेंबर २०२३ मध्ये दर तासाला दहा मिनिटे बातम्या व चालू घडामोडी खासगी एफएमला द्याव्यात अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे परवानगी नव्हे.

त्याखेरीज आकाशवाणीची प्रसारण संहिता खासगी वाहिन्यांनाही पाळावी लागते. धर्म किंवा समाजावर हल्ला, अश्लील वा बदनामीकारक मजकूर, हिंसेला चिथावणी, न्यायालयाचा अवमान या गोष्टी तिच्यात निषिद्ध आहेत. राजकीय पक्षाचे नाव घेऊन हल्ला करणेही. १९४६ साली पोर्तुगीज अमदानीत "एमिसोरा दी गोवा" म्हणून सुरू झालेले आणि मुक्तीनंतर आकाशवाणी झालेले पणजी केंद्र आजही फोन-इन घेते. पण तिथली भाषा या चौकटीतली, मऊ.

त्यामुळे तिखट जीभ दोन वाटांनी बाहेर पडली. एफएमवर ती थट्टा, नक्कल, फोनवरून फिरकी अशा रूपात येते, आणि मोबाइलवर पॉडकास्ट किंवा थेट प्रक्षेपण म्हणून, जिथे प्रसारण संहिता लागू नाही. आम्हाला यातली पहिली वाट जास्त खुपते. राजकारण्याला प्रश्न विचारायची मनाई आणि एखाद्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला फोनवर रडकुंडीला आणायची मात्र मोकळीक, हा उलटा न्याय आहे.

मडगावहून: मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथे गाडी चालवताना तो दिवसभर असे वादाचे कार्यक्रम ऐकतो आणि फोनवर आमच्याशीही तसाच बोलायला लागला आहे. हे प्रकरण परदेशात इतके बोकाळले कसे?

देशागणिक कारण वेगळे आहे. अमेरिकेत १९४९ पासून असा दंडक होता की वादाच्या सार्वजनिक प्रश्नावर बोलायचे तर विरुद्ध मतालाही जागा द्यायची. १९८७ मध्ये तो काढून टाकला. त्याच सुमारास संगीत एफएमवर गेले होते आणि मध्यम लहरींच्या वाहिन्यांकडे ऐकवण्यासारखे काही उरले नव्हते. बोलणे स्वस्त पडते: एक माणूस, एक मायक्रोफोन, काही फोन. १९८८ मध्ये रश लिंबॉ याचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला आणि २०२१ मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत तो चालला. दंडक उठला म्हणूनच हे झाले असे काही जण म्हणतात. आमच्या मते रिकाम्या पडलेल्या लहरींचा वाटा तेवढाच मोठा आहे.

ऑस्ट्रेलियात तर १९६७ पर्यंत श्रोत्याचा फोन हवेवर घेणेच बेकायदा होते. पुढे सिडनीचा ॲलन जोन्स हा तिथला दबदब्याचा निवेदक झाला. २०१२ मध्ये एका मेजवानीतल्या भाषणात तो म्हणाला, की तेव्हाच्या पंतप्रधान जुलिया गिलार्ड यांचे वडील लाजेने गेले. त्यावर जाहिरातदार मागे हटू लागले आणि वाहिनीला काही दिवस त्याच्या कार्यक्रमातल्या सगळ्याच जाहिराती थांबवाव्या लागल्या.

तुमचा मुलगा राहतो तिथला नियम मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था प्रसारणावर लक्ष ठेवते. २००८ मध्ये टॉकस्पोर्ट वाहिनीवर जॉन गॉन्ट या निवेदकाने एका नगरसेवकाची मुलाखत घेतली. विषय होता, धूम्रपान करणाऱ्यांना पालिकेच्या देखभालीतली मुले सांभाळायला द्यायची नाहीत हा त्या पालिकेचा निर्णय. गॉन्ट स्वतः बालगृहात राहिलेला, त्यामुळे विषय त्याच्या जिव्हाळ्याचा. त्याने नगरसेवकाला "नाझी" म्हटले आणि पुढे पुढे "अडाणी डुक्कर". नोकरी गेली, ऑफकॉमने तक्रारी उचलून धरल्या, तो उच्च न्यायालयात गेला आणि २०१० मध्ये हरला.

निकालात न्यायालयाने दोन शिव्यांमध्ये फरक केला. पहिला शब्द कठोर असला तरी तेव्हा त्यात काही मुद्दा होता, पालिकेच्या धोरणावरचा रोष होता. "अडाणी डुक्कर" मध्ये मुद्दा कसलाच उरला नव्हता. मुलाला हे प्रकरण सांगून बघा. फोनवर तो तिखट बोलला की एवढेच विचारा: यात मुद्दा कुठला?

वास्कोहून: मोबाइलवरच्या एका थेट कार्यक्रमात निवेदक येता-जाता "घाटी" म्हणतो आणि ऐकणारे हसतात. मी इथेच जन्मलो, मराठी बोलतो. हे स्पष्टवक्तेपण मानायचे का?

नाही. घाटावरून आलेला तो घाटी, एवढाच एके काळी शब्दाचा अर्थ. आज गोव्यात तो हिणवण्यासाठीच वापरतात आणि वापरणाऱ्यालाही ते ठाऊक असते. गोव्याच्या जमिनी, नोकऱ्या, पाणी, बाहेरून येणारी गर्दी यांवर बोलायला बंदी नाही, बोललेच पाहिजे. पण जमीन कोणी विकली, तिच्या वापराचे रूपांतर कोणी मंजूर केले, परवाना कोणी दिला हे नाव घेऊन विचारायला धारिष्ट लागते. गवंड्याला किंवा भाजीवालीला एका शब्दात उडवायला काहीच लागत नाही.

अशा "सहज" शेऱ्याचे काय होते याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. सप्टेंबर २००७ मध्ये दिल्लीतल्या एका एफएम निवेदकाने, दूरचित्रवाणीवरची गायनस्पर्धा जिंकलेल्या दार्जिलिंगच्या नेपाळीभाषक तरुणावरून, हे लोक म्हणजे पहारेकरी अशा अर्थाची थट्टा केली. पडसाद उमटले शेकडो कोस दूर सिलिगुडीत: हिंसाचार, संचारबंदी. निवेदकाने बहुधा पाच सेकंदही विचार केला नसेल.

तुम्ही काय करू शकता? कार्यक्रम थेट असतानाच, शांत भाषेत, नावानिशी लिहा: "मी वास्कोचा, माझ्या घरी मराठी बोलतात, हा शब्द मला लागतो." वाद घालू नका, एकदाच लिहा. शब्द समूहाविरुद्ध द्वेष भडकवण्याच्या थराला गेला तर भारतीय न्याय संहितेचे कलम १९६ आहे. पण प्रत्येक हलक्या शब्दाला ते लागत नाही, आणि उठसूट पोलिसांत गेले तर निवेदक हुतात्मा होऊन बसतो.

डिचोलीहून: तक्रार करायची तर कुठे आणि कशी? मागे एकदा लिहिले, उत्तर आले नाही.

बहुतेक तक्रारी पत्ता आणि वेळ चुकल्यामुळे मरतात. आधी कार्यक्रम कुठला ते बघा. आकाशवाणीचा असेल तर केंद्राच्या कार्यक्रम प्रमुखांना लिहा आणि प्रत प्रसार भारतीला. खासगी एफएम असेल तर वाहिनीला आणि केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरून नोंद क्रमांक मिळतो, तो जपा. मोबाइलवरच्या मंचावर असेल तर त्या मंचाचा तक्रार अधिकारी असतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्याने २४ तासांत पोच द्यायची असते, आणि निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत अपील समितीकडे जाता येते. तक्रार जाहिरातीबद्दल असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे.

पुरावा लगेच ठेवा. वाहिन्या रेकॉर्डिंग कायम जपत नाहीत. सामुदायिक रेडिओवर तर तीन महिन्यांचेच बंधन आहे. रेडिओजवळ मोबाइल ठेवून रेकॉर्ड करताना सुरुवातीला तारीख, वेळ, वाहिनी तोंडाने बोला. खटकलेल्या वाक्याच्या आधीची आणि नंतरची पाच-पाच मिनिटे हवीतच. नुसता वीस सेकंदांचा तुकडा पाठवला की "संदर्भ तोडला" असे उत्तर येते, आणि कधी कधी ते खरेही असते. मूळ फाइल ज्या फोनवर झाली तिथेच राहू द्या, व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत पुरावा म्हणून कच्ची. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते, त्यासाठी मूळ फाइल लागेल.

मजकूर एक पान. उदाहरणार्थ: "अमुक तारखेला सकाळी ९ वाजून १४ मिनिटांनी, अमुक कार्यक्रमात, निवेदक म्हणाले: (जसेच्या तसे शब्द). हे विधान चुकीचे आहे, कारण (कागद जोडला आहे). त्याच कार्यक्रमात त्याच वेळेला दुरुस्ती सांगावी." मागणी अशीच नेमकी ठेवा. "कार्यक्रम बंद करा" असे लिहिले की ती फाइल "श्रोत्याचे मत" या गठ्ठ्यात जाते.

तुमचे नाव घेऊन बदनामी झाली असेल तर वाट वेगळी. न्याय संहितेचे कलम ३५६ लागते, पण हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, दंडाधिकाऱ्यांसमोर तक्रार करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो. हे एक वर्ष "बघू, माफी मागेल" म्हणता म्हणता निघून जाते.

केप्याहून: निवेदक आवडत नसेल तर त्याच्या जाहिरातदारांवर दबाव आणणे योग्य का?

खोटे किंवा द्वेषाचे बोलत असेल आणि दुरुस्ती नाकारत असेल, तर योग्य. जाहिरातदाराला लिहिताना नेमके वाक्य आणि तारीख द्या. नुसते मत पटत नाही म्हणून मात्र करू नका. तेच हत्यार उद्या खाणीवर किंवा म्हादईवर बोलणाऱ्या चांगल्या निवेदकावर उलटेल, आणि उलटवणाऱ्यांच्या खिशात आपल्यापेक्षा जास्त पैसा आहे.

वाळपईहून: बाबांचे वय ७८. दिवसभर असले वाद ऐकतात, चिडतात, जेवताना कोणाशी बोलत नाहीत. बंद केले तर आणखी चिडतात.

बंद करू नका. त्यांच्यासाठी तो घरातला बोलणारा माणूस आहे, तुम्ही सगळे कामावर असताना सोबत करणारा. वेळ सरकवा. जेवणाआधीचा एक तास भजन, नाट्यगीत किंवा पणजी केंद्राचा एखादा कार्यक्रम लावून द्या, आणि झोपेआधी, संचात असेल तर, तो ठरल्या वेळी आपोआप बंद करणारा स्लीप टायमर. मोबाइलवर ऐकत असतील तर "पुढचे आपोआप सुरू" ही सोय बंद करा. एकामागून एक वाद तीच त्यांच्यासमोर आणून ठेवते. आणि जेवताना विषय टाळण्यापेक्षा विचारा, "आज तो काय म्हणाला?" निवेदक त्यांना काही विचारत नाही. तुम्ही विचारा.

पेडण्याहून: आम्ही चार मित्र गावाच्या प्रश्नांवर मराठी पॉडकास्ट सुरू करतो आहोत. बोलायचे स्पष्ट, पण असे होऊ द्यायचे नाही. काय सांभाळावे?

भाग सुरू करण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहा: आज कोणाला प्रश्न विचारणार, हातात कागद कुठला, आणि ज्याच्यावर बोलणार त्याला उत्तरासाठी कधी फोन केला. तिसरी ओळ रिकामी असेल तर तो भाग त्या दिवशी करू नका. समोरचा यायला तयार नसेल तर तेवढे सांगा: "तीन वेळा फोन केला, या या तारखांना." त्यावर आणखी टोमणा नको.

पाहुण्याला आणि यजमानाला सारखाच मायक्रोफोन द्या, दोघांचे तोंड सारख्याच अंतरावर, साधारण एक वीत. फोनवरून कोणी असेल तर त्याची पातळी हाताने वर आणा आणि डकिंग बंद ठेवा. थोडा कालवा झाला तरी चालेल. चौघांपैकी एकाने बोलायचेच नाही. त्याने पहिल्या उत्तरात सांगितलेली पाच रकान्यांची वही घेऊन बसायचे आणि यजमान लांबला की बोट वर करायचे.

रागाच्या भरात एखादा शब्द निघून जाईल. रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणार असाल तर एक रात्र मध्ये जाऊ द्या आणि सकाळी चौघांपैकी ज्याला तो विषय सगळ्यात कमी ठाऊक आहे त्याला ऐकवा. तो कुठे कसनुसा होतो ते बघा, तिथे कात्री.

आणि चूक गेलीच, तर दुरुस्ती पुढच्या भागाच्या पहिल्या मिनिटात. शेवटी नको, वर्णनाच्या बारीक अक्षरात नको. आधी चुकीचे वाक्य सांगा, मग बरोबरचे, मग कोणी लक्षात आणून दिले ते. "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे शब्द वापरू नका. त्यात चूक ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते. "आम्ही चुकीचा आकडा सांगितला, ज्यांच्याबद्दल सांगितला त्यांची माफी मागतो," एवढे बारा सेकंदांत होते. जुन्या भागातला तो तुकडा काढला असेल तर काढल्याचेही सांगा. पहिला भाग निघाला की दुवा आम्हाला कळवा. वही घेऊन ऐकू.